अखेर मॅनिफोल्ड उतरवला!

गाडी उभ्या उभ्या थरथरायची, बॉनेट उघडलं की सूंऽऽ असा आवाज. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनला हवा पोचवणारा नळ्यांचा जोड, आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटमधून (सीलमधून) हवा ओढतेय, हे उघडच होतं. म्हणून आज सकाळीच, ऊन डोक्यावर यायच्या आत, जुळे सोलापुरातल्या आमच्या पार्किंगमध्ये पाना घेऊन बसलो. इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, व्हॅक्यूमच्या नळ्यांना नंबरच्या चिठ्ठ्या. वरचे बोल्ट पटापट सुटले. मागच्या बाजूचा एक मात्र दिसतच नाही! १० नंबरचा सॉकेट, लांब एक्स्टेन्शन आणि नुसतं बोटांनी चाचपणं. शेजारचे काका कठड्यावरून, "काय करायलास बे? मेकॅनिक संपले का गावातले?"

गॅस्केट पापडासारखं कडक झालेलं, वाकवलं तर तुटलंच. पोर्टमध्ये, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या भोकांत, काळी चिकट काजळी. आत नट पडला तर थेट व्हॉल्व्हपर्यंत जाणार, म्हणून आधी स्वच्छ फडकी कोंबली. गॅस्केट बसतं ते हेड (इंजिनचा वरचा भाग) अॅल्युमिनियमचं, लोखंडी पट्टीने खरवडलं तर ओरखड्यातून पुन्हा हवा जाणार. प्लॅस्टिकची पट्टी आणि क्लीनर घेऊन निवांत साफ करत बसलो. व्हिडिओवाले नेमकं हेच दोन सेकंदांत उरकतात.

नवं गॅस्केट उद्या आणतो. तोवर ऑफिसला बायकोची स्कूटर. परवानगी मिळाली आहे, पेट्रोल भरून देण्याच्या अटीवर.