तेलुगू ज्ञा, आपला र आणि न दिसणारे एक चिन्ह

फेब्रुवारी 2018 मध्ये तेलुगू लिपीतल्या एका जोडाक्षराने आयफोन बंद पडू लागले, तेव्हा त्या बातमीकडे बहुतेकांनी गंमत म्हणून पाहिले. ते अक्षर संदेशात आले की संदेशाचे ॲप कोसळायचे आणि पुन्हा उघडले तरी पुन्हा कोसळायचे, कारण उघडताक्षणी ॲप तेच अक्षर पुन्हा रंगवायला जाई. त्याहून वाईट म्हणजे ते सूचनेच्या पट्टीत उमटले, तर होम स्क्रीन आणि सूचना सांभाळणारा स्प्रिंगबोर्ड हा प्रोग्रामच पडायचा आणि फोन पुन्हा पुन्हा सुरू होत राहायचा. काटेकोर बोलायचे तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या वेळी शाबूत असे. पण ज्याच्या हातात तो फोन होता, त्याला या भेदाचा उपयोग काय? सुटकेचा मार्गही तसा केविलवाणाच होता. दुसऱ्या कुणाला तरी त्याच संभाषणात एखादा साधा संदेश पाठवायला सांगायचे, म्हणजे यादीत ते अक्षर दिसत नाही, आणि मग ते संभाषणच पुसून टाकायचे.

माझ्याकडे तेव्हा आयफोन नव्हता. तरीही मी या प्रकरणाच्या मागे लागलो, कारण ते अक्षर 'ज्ञा' होते आणि मुद्रितशोधनाच्या कामामुळे जोडाक्षरांशी माझा रोजचा संबंध आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्या संगणकात साठवण्याच्या सामाईक पद्धतीत, 'ज्ञा' असे एक अक्षर नसतेच. असते ती ज, हलन्त, ञ आणि काना अशी चार चिन्हांची माळ, आणि तिचे एकसंध रूप पडद्यावर घडवण्याचे काम फॉन्ट व अक्षररचनेचे सॉफ्टवेअर मिळून करतात. फोन पाडणाऱ्या माळेत ञ आणि काना यांच्यामध्ये एक पाचवे चिन्ह होते. झीरो विड्थ नॉन-जॉइनर हे त्याचे नाव. त्याला रुंदी नाही, रूप नाही, आणि शेजारच्या अक्षरांना जोडू नका एवढेच ते सांगते. 'वाक्प्रचार' लिहिताना क चा पाय मोडलेला दिसावा असे वाटले, तर मराठीतही हलन्तानंतर हेच चिन्ह घालतात. व्यंजन आणि मात्रा यांच्यामध्ये मात्र त्याला काही काम नाही. तिथे ते निरुपयोगी आहे, पण निषिद्ध नाही.

पुढच्या काही दिवसांत जाणकारांनी अक्षरे अदलूनबदलून पाहिली आणि हा दोष केवळ तेलुगूचा नाही, हे उघड झाले. बंगालीतल्या काही माळा तसेच करत होत्या आणि देवनागरीतल्याही. फक्त देवनागरीत दुसरे व्यंजन र असावे लागे. हे वाचले तेव्हा मला खरी मजा वाटली, कारण हा अपवाद आपण पहिलीत शिकलेलो असतो. 'स्त' किंवा 'म्य' लिहिताना पहिले व्यंजन अर्धे होते आणि दुसरे पूर्ण राहते. 'प्र', 'क्र', 'ग्र' यांत मात्र पहिले पूर्ण राहून र त्याच्या पायाशी तिरकी रेघ होऊन बसतो. तेलुगूत जवळजवळ सगळीच दुसरी व्यंजने अशी पहिल्याच्या आधाराला जातात, म्हणून तिथे ज्ञा सापडला. आपल्याकडे तो मान एकट्या र ला मिळाला.

ॲपलने 19 फेब्रुवारी 2018 रोजी आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे आयओएसची, 11.2.6 ही आवृत्ती आणून दोष दुरुस्त केला. मॅक, घड्याळ आणि टीव्ही यांच्यासाठीही त्याच दिवशी दुरुस्त्या आल्या, कारण अक्षरे रचणारा कोअरटेक्स्ट हा भाग त्या सर्वांत समान आहे. सोबतच्या सुरक्षा-टिपणात कारण दिले होते ते स्मृती बिघडल्याचे, म्हणजे प्रोग्रामने आपल्या वाट्याची जागा सोडून भलतीकडे लिहिल्याचे. त्यावरचा उपाय म्हणून इनपुटची तपासणी सुधारल्याचे सांगितले होते. इथवर तक्रार नाही. पण त्याच टिपणात त्या माळेचे वर्णन दुष्ट हेतूने रचलेली असे केले होते, आणि ते मला आजही खटकते. सुरक्षा-टिपणांची ती ठरीव भाषा असते हे मान्य. ट्विटरवर स्वतःच्या नावात ते अक्षर घालून इतरांचे फोन पाडणारे महाभागही होतेच. तरी ज्या लिपीत कोट्यवधी माणसे लिहितात, तिच्यातले एक वैध वळण सॉफ्टवेअरला पेलले नाही, तर दोष वळणाला चिकटू नये.

ही पहिली वेळही नव्हती. मे 2015 मध्ये असाच एक संदेश आयफोन पाडत फिरत होता. त्यात इंग्रजी व अरबी मजकूर आणि एक चिनी अक्षर यांच्या जोडीला देवनागरीतली ॡ या स्वराची मात्रा होती. ऌ निदान कॢप्तीपुरता तरी आपल्या वापरात आहे. ॡ असलेला एकही मराठी शब्द मला आठवत नाही. तो दोष आयओएस 8.4 मध्ये दुरुस्त झाला. त्या संदेशाला मात्र रचलेला म्हणायला माझी हरकत नाही. एप्रिल 2020 मध्ये पुन्हा सिंधी अक्षरे आणि इटलीचा झेंडा यांच्या संयोगाने फोन पडू लागले. इंग्रजीही यातून सुटलेली नाही, बरे का: विंडोज 95 आणि 98 मध्ये नुसता सी:\कॉन\कॉन हा पत्ता रोमनमध्ये टंकला की संगणक निळ्या पडद्यावर जायचा, कारण कॉन हे विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टिमच्या काळापासून कन्सोलसाठी, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्यासाठी, राखून ठेवलेले नाव होते.

मागच्या वर्षी एका कवितासंग्रहाची फाइल माझ्याकडे तपासायला आली होती. जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणलेला होता. 'प्राजक्त' हा शब्द पानावर स्पष्ट दिसत होता, पण शोध घेतला की तो सापडत नसे. चिन्हे एकेक करून मोजली, तेव्हा प्र आणि काना यांच्यामध्ये तेच न दिसणारे चिन्ह निघाले. प, हलन्त, र, नॉन-जॉइनर, काना: माळ नेमकी तीच, आणि एकूण बावीस ठिकाणी. कवी सत्तरीच्या पुढचे आहेत. मी त्यांना फोन करून हे सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी फक्त प्राजक्त नीट छापला जाईल ना, एवढेच विचारले.