विकास शुल्काचं चलन भरायच्या आधी मी काय काय तपासलं

घर बांधताना लोक सळईचा भाव चार दुकानात विचारतात पण परवानगीच्या चलनाकडं ढुंकून बघत नाहीत. इंजिनियर म्हणतो सर एवढे टाका, की आपण टाकतो. माझा प्लॉट सोलापुरात विजापूर रोडला सोरेगावच्या बाजूला, हद्दवाढ भागात, मंजूर लेआउटमधला. मागच्या वर्षी म्हणजे 2025 ला बांधायला काढलं आणि इंजिनियरनं व्हॉट्सअपवर एकच आकडा पाठवला, "सगळं मिळून". आता सगळं मिळून म्हणजे काय ओ? मी म्हटलं ब्रेकअप पाठवा. त्याला ते आवडलं नाही बहुतेक, पण पाठवला.

त्यात छाननी शुल्क, विकास शुल्क, कामगार उपकर, अनामत आणि त्याची स्वतःची फी असं सगळं एकाच शीटमध्ये होतं. कामगार उपकर सोपा, बांधकाम खर्चाच्या 1 टक्का (मी बांधायला काढलं तेव्हा स्वतःला राहायचं घर असेल आणि खर्च 10 लाखाच्या आत असेल तर तो लागत नव्हता, पण आजकाल 10 लाखात घर होतंय कुठं). सगळ्यात जाड आकडा विकास शुल्काचा (बांधकाम परवानगी देताना महापालिका घेते ते) होता म्हणून मी तिथंच हात घातला.

हे शुल्क येतं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 मधून, कलम 124अ पासून पुढं. ही कलमं कायद्यात घातली 1992 ला. आणि गंमत बघा, आपली मोठी हद्दवाढ पण 1992 चीच, आसपासची गावं शहरात आली ती त्याच वर्षी. रहिवासी बांधकामाला हिशोब असा की प्लॉटच्या क्षेत्रफळावर जमिनीच्या रेडी रेकनर दराच्या (म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराच्या) अर्धा टक्का आणि बांधकामाच्या क्षेत्रफळावर त्याच जमिनीच्या दराच्या 2 टक्के. व्यापारीला दुप्पट, औद्योगिकला दीडपट.

आता "जमिनीच्या दराच्या" हे शब्द महत्त्वाचे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर हा रेडी रेकनर ई-एएसआर ह्या नावानं आहे, तिथं जिल्हा तालुका गाव टाकलं की तक्ता उघडतो, त्यात खुली जमीन, निवासी सदनिका, ऑफिस, दुकाने, औद्योगिक असे रकाने शेजारी शेजारी असतात. मी माझा सर्वे नंबर काढला आणि इंजिनियरच्या शीटशी लावून बघितलं तर ह्या माणसानं बांधकामाच्या ओळीत सदनिकेचा दर टाकला होता! म्हणजे समजा खुल्या जमिनीचा दर चौरस मीटरला 8,000 आहे आणि सदनिकेचा 30,000, तर 120 चौरस मीटर बांधकामावर बरोबर शुल्क होतं 19,200 आणि त्याच्या पद्धतीनं 72,000. (हे आकडे समजावून सांगायला घेतलेत, माझे खरे वेगळे.) फोन केला तर म्हणतो "सर ते एक्सेल जुनं आहे, ऑनलाईन टाकल्यावर बरोबरच येतंय". ऑनलाईन बरोबर आलं हे खरं. पण मी आधी त्याला पैसे दिले असते तर मधला फरक कुठं गेला असता देव जाणे. म्हणून सांगतो, पैसे इंजिनियरच्या खात्यावर टाकू नका, चलन आपल्या नावानं काढायला लावा आणि आपण भरा.

दुसरी भानगड तारखेची. रेडी रेकनर बदलला तर 1 एप्रिलपासून बदलतो. 2025 च्या आधीची दोन वर्षं दर तेच ठेवले होते, आणि 2025 च्या एप्रिलला वाढवले तेव्हा मुंबई सोडून राज्याची सरासरी वाढ 4.39 टक्के आणि सोलापूर महापालिका क्षेत्राची 10.17 टक्के, सगळ्या राज्यात जास्त! तेव्हा पेपरला सगळी चर्चा स्टॅम्प ड्युटीची, विकास शुल्काचं कुणी बोललंच नाही. पण ते त्याच दराला बांधलेलं आहे ना, त्यामुळं ते पण गुपचूप वाढलं, वेगळा ठराव नाही, हरकती-सूचना नाहीत, काही नाही. विचारायचं कुणाला तर 2022 च्या मार्चपासून नगरसेवक नव्हते, प्रशासक होते.

आमच्या गल्लीतली मंडळी म्हणाली की शुल्क कमी करायचं निवेदन देऊ या. मी सही केली नाही, आणि त्यावरनं शेजारच्या काकांनी दोन दिवस तोंड फिरवलं. माझं म्हणणं असं की आपल्याकडनं घेतात ते जास्त नाहीच, हिशोबाचा पायाच चुकलाय. शुल्क जमिनीच्या किमतीवर आहे, पाईपच्या लांबीवर नाही. शहरात मधोमध नवी पेठेत जमीन महाग म्हणून तिथं शुल्क जास्त, पण तिथं रस्ता, ड्रेनेज, पाणी सगळं आधीपासनं आहे. आमच्याकडं जमीन स्वस्त म्हणून शुल्क कमी आणि करायचं मात्र सगळंच बाकी. काळी माती आहे, दोन पाऊस झाले की गाडी मेन रोडला लावून चप्पल हातात घेऊन यावं लागतं. उजनीचं पाणी शंभर-सव्वाशे किलोमीटरवरनं शहरात येणार, मग टाकीत चढणार, मग चार-पाच दिवसाआड नळाला सुटणार, आणि आमच्या टोकाला अजून लाईनच नाही म्हणून टँकर. वरच्या उदाहरणातल्यासारख्या 19-20 हजारात एका घरामागं ह्यातलं काय होणार? मेन लाईनचे पाच-दहा पाईप येतील फार तर.

पुण्यात माझ्या मावसभावाला विकास शुल्क दुप्पट लागलं, मेट्रोसाठी म्हणून 100 टक्के जादा. तो बोंबलला, पण निदान त्याला दिसतं तरी कशाचे घेतले. कायद्यात हा पैसा वेगळ्या विकास निधीत ठेवून सार्वजनिक सुविधांवरच खर्च करायचा असं आहे. मग कोणत्या भागातनं किती जमा झाला आणि त्या भागात किती लागला हे दोन रकाने अंदाजपत्रकात शेजारी शेजारी छापायला काय हरकत आहे? दर पाच वर्षांनी खर्च धरून दराचा फेरविचार करा, पाहिजे तर आमच्याकडनं थोडं जास्त घ्या, मी देईन की. काकांना हेच पटत नाही, ते म्हणतात तू एकटाच वाढवा म्हणणारा भेटलास आयुष्यात.

शेवटी निवेदन बदललं. कमी करा हे वाक्य काढलं आणि दोन रकान्यांची मागणी घातली, मग मी पण सही केली. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. त्याला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, नाहीतर तेवढ्यावरनं परत येऊ शकतो, म्हणून जमा आणि खर्च असे दोन वेगळे अर्ज केले.

परवानगी आली, प्लिंथ झालं. ड्रेनेज लाईन नाही म्हणून शोषखड्डा घेतलाय, त्याचा खर्च विकास शुल्कापेक्षा जास्त झाला. चलनाच्या सगळ्या प्रती लॅमिनेट न करता फाईलला लावून ठेवा, पूर्णत्वाच्या दाखल्याला परत मागतात असं इंजिनियर म्हणाला, आणि ह्या बाबतीत तरी त्याचं ऐकतोय.