आक्काचं हेड पुन्हा उतरलं

मागच्या वेळी आक्काबद्दल, म्हणजे माझ्या जुन्या महिंद्रा जीपबद्दल, लिहिलं होतं की हेडखालचं (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण) गॅस्केट नवं, हेडचा फेस मारून म्हणजे खालची बाजू मशीनवर सपाट करून झाली, आता आक्का थेट मसाई पठारावर. ते वाक्य मागे घेतो. आक्का पठारावर पोचलीच नाही, वाघबिळाच्या घाटातच बसली.

रविवारी सकाळी सहाला निघालो. हीटर एकदाच देऊन उचलली, धूर नावाला, गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर एक किलो. कोल्हापूरचा शिवाजी पूल ओलांडेपर्यंत मी स्वतःवर भलताच खूश होतो. वाघबिळाच्या चढाला पुढं उसाच्या डबल ट्रॉल्या लागल्या. ओव्हरटेकला जागा नाही, म्हणून दुसरा गिअर, मग पहिला. तापमानाचा काटा ८० वरून ९५, मग १०५. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, तर रेडिएटरचा वरचा होज (पाण्याचा रबरी पाइप) दगडासारखा. अर्ध्या तासानं टोपी काढून पुन्हा स्टार्ट केली आणि रेडिएटरच्या तोंडात सोड्याची बाटली फोडल्यासारखे बुडबुडे. चार महिने आणि २३ हजार घालून आपण पुन्हा तिथंच.

नव्यानं आलेल्यांसाठी एवढंच : आक्का म्हणजे १९९१ ची महिंद्रा एमएम ५४०. इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, मागं केएमटी-९० गिअरबॉक्स. बाकीचा इतिहास जुन्या नोंदींत आहे, पुन्हा रडत नाही.

ट्रॉलीमागं कुठलीही जुनी गाडी तापते, हे मान्य. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर, स्टार्ट केल्यापासून मिनिटाच्या आत होज टणक झाला. पाणी तापायच्या आधी प्रेशर येतंय म्हणजे ते पाण्याचं नव्हे, सिलिंडरमधल्या गॅसचं. रेडिएटर, वॉटर पंप, फॅन बेल्ट या तिघांना इथंच निर्दोष सोडलं. (रेडिएटर अगदीच निर्दोष नाही, त्याची गोष्ट खाली.)

या वेळी मिस्त्रींना सांगितलं, हेडच्या बोल्टला पाना लावायच्या आधी मला मोजू द्या. मागच्या वेळी 'गॅस्केटच असणार' म्हणून डोळे झाकून हेड उतरवलं, ती चूक माझी. डिझेलचा कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचा) माझ्याकडं आहे, पण एक्सडीपीला बसणारा अडॅप्टर कुठं मिळेना. शेवटी हेडमध्ये बसणारा हीटर प्लगच, एक मेलेला, घेतला, उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांकडून आतला गाभा काढून तो पोकळ केला आणि मागं निपल ब्रेझ करून घेतलं. वीस मिनिटांचं काम, १५० रुपये. परदेशी किटातले चौदा अडॅप्टर पेटीत तसेच पडून आहेत आणि हा एकच बसतो. ही या महिन्यातली सगळ्यात आवडती वस्तू, सध्या टीव्हीखालच्या कप्प्यात आहे.

आकडे, गार इंजिनावर, पीएसआयमध्ये : पहिला ४००, दुसरा ३९०, तिसरा ३१०, चौथा ३९५.

मिस्त्रींनी तिसऱ्याचा आकडा ऐकला आणि हात पुसले. "बोअर गेलाय. फुल इंजिन करून घ्या दादा, पाच वर्षं बघायला नको." (म्हणजे सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सगळं इंजिन खोलून नवं करा.) आणि नेहमीप्रमाणे त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजलं. आकडा वाढला. "बघा, रिंगाच."

इथं मी अडलो. पेट्रोल इंजिनात ही युक्ती ठीक आहे, ऑइल झिजलेल्या रिंगांची फट बुजवतं आणि आकडा वाढतो. आपल्या इंजिनात एका सिलिंडरचे ५२८ सीसी, आणि कॉम्प्रेशन रेशो २२ च्या आसपास. म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम २५ सीसी. त्यात पाच सीसी ऑइल ओतलं की जागाच पाचव्या हिश्शानं कमी झाली, आकडा चढणारच, रिंगा नव्या असोत की जुन्या. तेच ऑइल चौथ्या सिलिंडरात ओतून दाखवलं. तोही चढला. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण चहा त्यांनी मागवला.

मग हवा सोडायची पाळी. तोच अडॅप्टर, कॉम्प्रेसरची सहा किलो हवा, पिस्टन बरोबर टॉपला. हे करणार असाल तर टॉप गिअर टाका, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. पिस्टन टॉपला केसभर जरी इकडंतिकडं असला तरी हवा इंजिनला फिरवते. माझा फॅन फिरला तेव्हा पाना क्रँकच्या बोल्टवरच होता. तो उडून बॅटरीच्या बॉक्सवर आपटला. नशीब हात बाहेर होता.

कान लावून ऐकायचं. ऑइल भरायच्या तोंडातून सूं येतंय म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरकडून म्हणजे इनटेक. चारही सिलिंडरांना ऑइलच्या तोंडातला आवाज जवळजवळ सारखाच. तिसऱ्याला एअर क्लीनरकडून बारीक फुसफुस. रेडिएटरात मात्र काही नाही. गार इंजिनावर शून्य! मग इंजिन तापवून, हात भाजत, दहा मिनिटांत पुन्हा तेच केलं. या वेळी तिसऱ्याला हवा सोडली आणि रेडिएटरात एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग माळच लागली.

गरम झाल्यावर उघडणारी चीर! (सकाळी गार इंजिनावर मिनिटात होज टणक झाला तो पेटत्या गॅसच्या तापानं आणि दाबानं, सहा किलोच्या गार हवेला ते जमत नाही.) मग मागच्या महिन्यात मशीन शॉपनं हेड टेस्ट केलं तेव्हा ती का दिसली नाही? विचारायला गेलो. टेस्ट खरोखर केली होती, दोन किलो हवेवर, पण गार पाण्यात. हेड ॲल्युमिनियमचं. गार असताना चीर मिटलेली, तापल्यावर उघडते. पुन्हा करून द्या म्हटलं तर "आमच्याकडं गरम पाण्याची सोय नाही." मग ट्रॅक्टरची हेड करणाऱ्या दुसऱ्या एका शॉपमध्ये गेलो. त्यांच्याकडं जुनी टाकी आहे, खाली बर्नर. हेडला पट्ट्या ठोकल्या, पाण्याच्या वाटा बंद केल्या, हवा भरली, हेड बुडवलं. गार पाण्यात काही नाही. बर्नर लावला आणि आम्ही तिघं टाकीभोवती वाकून उभे. पाणी ७० च्या वर गेल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या दोन सीटांच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या) मधून मोहरीएवढा बुडबुडा निघाला. तो तिथंच चिकटून राहिला, फुगला, सुटला. लगेच मागून दुसरा. वाळवून नखानं चाचपलं तर काही लागत नाही, चीर दाखवणारा डाय मारला की लाल केस. एका सीटकडून दुसरीकडं, थेट. इनटेक व्हॉल्व्हची फुसफुसही मग समजली, सीटच हलली आहे.

फुटकं हेड बघून माणसाला एवढा आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

आता मूळ पाप. ही चीर माझ्या आधीच्या मालकाच्या काळातली असावी. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला होता, आणि रेडिएटर खोलला तर बोअरवेलच्या पाण्याच्या पांढऱ्या खपल्यांनी जवळजवळ निम्म्या नळ्या बुजलेल्या. 'आपल्याकडं उष्णता, थर्मोस्टॅट कशाला' हे वाक्य बंदी घालण्याच्या लायकीचं आहे. सकाळी इंजिन कितीतरी वेळ गार पळतं, मग घाटात एकदम तापतं, मग कुणीतरी रेडिएटरात थंडगार पाणी ओततं. ॲल्युमिनियमनं किती सहन करायचं? रेडिएटरचं रोडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतलंय, नवा थर्मोस्टॅट आणलाय, आणि यापुढं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बोअरवेलचं पाणी बागेला.

हेड उतरलेलंच होतं, म्हणून मित्राचा मिटुटोयोचा बोअर गेज आणून सिलिंडरचा बोअरही मोजला. मूळ माप ९० मिमी. तिसऱ्याला रिंगेच्या रेषेशी झीज ०.०८ मिमी, बाकीच्यांना ०.०५ ते ०.०६. मिस्त्री स्वतःच म्हणतात की ०.१५ च्या आत ते बोअर मारत (सिलिंडर कापून मोठा करत) नाहीत. ऑइल प्रेशर पळताना तीन किलो. म्हणजे खालचं इंजिन अजून धडधाकट आहे, आणि मी परवापर्यंत त्याच 'फुल इंजिन'चं ७० हजारांचं कोटेशन खिशात घेऊन फिरत होतो.

तरीही दोन दिवस मी इंजिनच बदलायच्या विचारात होतो, हे कबूल करतो. एक्सडी३पी टाकावं, घराणं तेच प्यूजोचं, २४९८ सीसी, घाटात जीव येईल. किंवा सरळ महिंद्राचं डीआय इंजिन, २५२३ सीसी, पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतात. डीआयचा मोह मोठा आहे. पण ते इंजिन जड, आणि त्याची थरथर मी मित्राच्या गाडीत अनुभवली आहे, आरशात मागचं जग दोन-दोन दिसतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी, आरसीवर नवा इंजिन नंबर, आणि भंगारातल्या इंजिनाचे कागद नीट असतील तर नशीब. त्यात २०२६ ला आक्काचं पासिंग आहे. २०२१ ला नूतनीकरणाचे ६०० रुपये भरले होते. आता २० वर्षांवरच्या मोटारीला १०,०००, वर ग्रीन टॅक्स. त्याच वर्षी इंजिन नंबरची भानगड घेऊन खिडकीपुढं उभं राहायचं धाडस माझ्यात नाही.

अण्णांचं मत घेतलं. ते म्हणाले, "एवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती." हे ते गिअरबॉक्सच्या वेळीही म्हणाले होते. तेव्हाची म्हैस स्वस्त होती.

तर ठरलं, इंजिन ठेवायचं, हेड बदलायचं. आधी वेल्डिंग करून घेणार होतो. उद्यमनगरात ॲल्युमिनियमला टिग वेल्डिंग मारणारा चांगला हात आहे, साडेचार हजार म्हणाला. पण त्यानंच प्रामाणिकपणे सांगितलं की दोन सीटांच्या मधली पट्टी इतकी अरुंद आहे की सीट काढाव्या लागतील, पुन्हा बसवाव्या लागतील, आणि गॅरंटी तो देणार नाही. त्यात मागचा फेस मारताना स्वर्ल चेंबरचे (हेडमधल्या डिझेल पेटायच्या खोलीचे) कप न काढताच मारलाय असा मला दाट संशय आहे. कपांच्या कडा चकचकीत दिसतात. म्हणजे या हेडावर आता आणखी पैसे नकोत. भिंतीवर टांगतो.

नवं हेड? एका विक्रेत्यानं 'ओरिजिनल न्यू' म्हणून फोटो पाठवला. खोक्याचाच, हेडचा नाही. हेडचा पाठवा म्हटल्यावर आज सहा दिवस निळी टिक आहे. निपाणीच्या भंगारवाल्याकडं मात्र दोन एक्सडीपीची हेडं आहेत, ९,५०० ला एक, वाटाघाट शक्य. पण भंगारातलं हेड घ्यायचं म्हणजे चीर विकत घ्यायचीच शक्यता जास्त. आणि गार पाण्याची टेस्ट काय लायकीची असते ते आपण वर बघितलंच.

हे लिहिता लिहिताच सुचलं, म्हणून परवा रात्री मधेच थांबलो होतो. टाकीवाल्या शॉपनं हेडला पट्ट्या ठोकल्या, तशी एक कायमची प्लेटच का करू नये? काल केली. १२ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, जुनं गॅस्केट ठेवून भोकं आखली, खाली चार मिमीचं रबर, सिलिंडरच्या जागी मोठी गोल खिडकी म्हणजे बुडबुडा नेमका कुठला ते दिसतं. पाणी बाहेर जायच्या तोंडाला हवेचा निपल आणि सायकलचा व्हॉल्व्ह. प्लेट भंगारातून ८५ रुपये किलो, भोकं पाडायला ४००. पहिल्यांदा बोल्ट आवळले तर रबर सगळीकडून जिभेसारखं बाहेर आलं. मग टॉर्क रेंच ठेवून दिला आणि नुसत्या हातपान्यानं बेताचं आवळलं. ती जमली.

चाचणी माझ्याच फुटक्या हेडावर घेतली, न्हाणीघरातल्या बंबाच्या पाण्यात. ७२ डिग्रीला पहिला बुडबुडा, त्याच जागी. म्हणजे प्लेट खरं बोलते. घरच्यांनी मात्र तो बंब आता अंघोळीला वापरणार नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळं नवा बंबही या हिशेबात धरा.

शनिवारी निपाणी. सोबत प्लेट, अर्धा कापलेला बॅरल, सायकलचा पंप, थर्मामीटर आणि घरातली गॅसची शेगडी. भंगारवाल्याला फोनवर सगळं समजावून सांगितलं, गरम पाण्यात टाकूनच घेणार, दोन्ही हेडं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "या की. मीठमसाला आमच्याकडं आहे."