फ्रेंडलिस्ट आणि कॉल लॉग

आज फ्रेंडलिस्ट चाळताना जाणवलं, निम्म्या लोकांशी शेवटचं बोलणं म्हणजे ‘हॅपी बर्थडे’, तेही नोटिफिकेशन आलं म्हणून.

फेसबुक ५००० मित्र करू देतं. मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते माणसाला साधारण १५० नातीच सांभाळता येतात. २०१६ च्या त्यांच्या अभ्यासात ब्रिटनमधल्या सोशल मीडिया वापरणाऱ्यांना विचारलं, अडचणीत धावून येतील असे मित्र किती? सरासरी चार! लिस्ट लांबली म्हणून हा आकडा काही वाढत नाही.

गोची अशी की स्टेटसवरून सगळं कळतं, मग विचारायला काही उरत नाही. ‘गोव्याचे फोटो पाहिले’ म्हटलं की विषय संपला. शिवाय फीडमध्ये सतत पोस्ट टाकणारेच वर येतात. न टाकणारा जिवलग महिनोन्‌महिने दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून आठवतही नाही.

खरा हिशोब कॉल लॉगमध्ये सापडतो. महिन्याभराचे कॉल काढा. ऑफिस, बँक, डिलिव्हरीवाले वगळा. दहा मिनिटांच्या वर बोललेली नावं लिहा आणि त्यांच्यासमोर शेवटची प्रत्यक्ष भेट. तारीख आठवेना तर पुढचा मेसेज ‘भेटू कधीतरी’ असा नको, थेट वार आणि वेळ टाका. ‘कधीतरी’ला सगळे होकाराचा अंगठा टाकतात, येत कुणी नाही.