चौतीस की सदतीस

ग्रंथपाल म्हणून आमच्या कॉलेजच्या प्रश्नमंजुषा मंडळाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा संघ पाडायची पद्धत ठरलेली होती. चाळणी परीक्षा घ्यायची, गुणांप्रमाणे यादी लावायची, वरचे तिघे अ संघात, त्याखालचे तिघे ब संघात. दोन वर्षं मीही तेच केलं. गेल्या वर्षी पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बारा मुलांचे चार संघ करायचे होते. पेपर ४० प्रश्नांचा होता. पहिल्या मुलाला ३१, दुसऱ्याला २९. दोघे जिवलग मित्र, एकाच बाकावर बसणारे. आपण एका संघात, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

यादी लिहायला घेतली आणि सहज त्या दोघांच्या उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. दोघांच्या चुकाही बऱ्याचशा त्याच. मग पेन खाली ठेवलं. मोठा कागद घेतला, आडवे प्रश्न मांडले, उभी बारा नावं, आणि बरोबर उत्तराला एक टिंब. शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात येऊन उभे राहिले तरी माझी टिंबं चालूच होती.

त्या दोघांची २६ उत्तरं सामाईक निघाली. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं पदक दोघांना माहीत, कोयनेचा १९६७ चा भूकंप दोघांना माहीत. म्हणजे दोघं मिळून ३४. उरलेले सहा प्रश्न दोघांनाही बंद दरवाजासारखे. आणि त्या सहांतल्या चार प्रश्नांखाली टिंबं होती कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची, जिला सोळाच गुण होते आणि जी यादीत दहावी होती. ३१ वाल्याबरोबर तिला बसवलं तर बेरीज सदतीस होत होती! मी तीनदा मोजलं.

तिचा पेपर पुन्हा काढला. प्रश्न होता: मसाल्यात पडणारा हा पदार्थ पान नाही, साल नाही, नावात फूल असून फूलही नाही, बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून तो तयार होतो. तिने 'दगडफूल' लिहिलं होतं. बाकी कोणालाच ते आलं नव्हतं. पण त्याच पानावर आणखी एक गोष्ट दिसली. झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक कोणता, या प्रश्नाला तिने आधी 'हिंग' लिहून त्यावर एक बारीक, सरळ रेघ मारली होती आणि वर 'डिंक' लिहिलं होतं. अशी बरोबर लिहून खोडलेली तीन उत्तरं सापडली. त्या रेघांनी मला फार अस्वस्थ केलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, इतकं सोपं असेल असं वाटलं नाही. मला येतंय म्हणजे चुकत असणार." दोन वर्षांत अशा किती मुली माझ्या यादीच्या तळाशी राहून गेल्या असतील!

यादी लागली आणि पहिला मुलगा तडक आला. "मॅडम, आम्हाला वेगळं का केलं?" मी कागद समोर पसरला. तो बराच वेळ बघत राहिला. पटलं नव्हतं, पण मोजून बघितल्यावर बोलला नाही काही.

सरावात वेगळीच अडचण आली. ती पुटपुटायची, तो ऐकायच्या आत स्वतःचं उत्तर देऊन मोकळा. बाउन्स होऊन, म्हणजे आधीच्या संघाला न आल्यामुळे आपल्याकडे आलेला प्रश्न असाच दोनदा घालवला. शेवटी मी नियम केला: या संघाचं उत्तर फक्त तीच सांगणार. बाकी दोघांनी तिला पटवायचं, निर्णय तिचा. पहिले दोन दिवस तिचा आवाज चौथ्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हता. मी वाचनालयाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि ऐकू आलं नाही की गुण द्यायचे नाहीत, असं सुरू केलं.

पुण्यात लेखी फेरीतून सहा संघ अंतिम फेरीला घेतले, त्यात हा संघ होता. १९१७ च्या 'लंका दहन' या चित्रपटात राम आणि सीता दोघांचंही काम करणारा नट कोण, हा प्रश्न तीन संघांवरून आमच्याकडे आला. मुलाने तिच्या कानात सांगितलं, तिने माइकमध्ये स्पष्ट म्हटलं, "अण्णा साळुंके." पुढचा प्रश्न बांगड्या, पार्सलची मोहोर, लाकडाचं पॉलिश आणि एक कीडा यांना जोडणारी वस्तू कोणती, असा होता. तिने दोघांकडे बघितलंही नाही. "लाख."

चौथा क्रमांक आला. दुसऱ्या मुलाचा संघ मात्र लेखी फेरीतच गेला. मित्रापासून तोडल्याचा राग त्याच्या चेहऱ्यावर होता आणि परतीच्या एसटीत तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. त्याच्यासाठी सोबती निवडताना मी तितका वेळ दिलाच नव्हता. सगळं लक्ष त्या एका बेरजेवर गेलं होतं. चूक माझी होती, आणि मी ती त्याला सांगितली.

पुढच्या सोमवारी तो वाचनालयात आला. हातात त्याची जुनी उत्तरपत्रिका होती. म्हणाला, "मॅडम, माझे हे अकरा चुकलेत. कोणाकोणाला आलेत, तो कागद दाखवता?"