येतं, पण इथे करत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नात, बँकेत, ओपीडीच्या दारात एकच प्रश्न: "डॉक्टर, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन तुम्हाला येतं ना? मग मुंबईला कशाला पाठवता?" पुढचं कोणी तोंडावर बोलत नाही, कट मिळत असणार म्हणून. परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात आधीच पाय ठेवायला जागा नसते, ते मला कट कशाला देतील?

येतं मला. व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढून उरलेला भाग आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन, इथे केलंही आहे. जिल्ह्यातल्या माणसाला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसवून परळच्या फूटपाथवर झोपायला लावणं हाच अन्याय, असं मी तावातावाने सांगत असे. तेव्हाच्या त्या तरुण सर्जनशी, म्हणजे स्वतःशीच, माझं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि दर वेळी तोच हरतो असंही नाही.

मग एक निवृत्त शिक्षक आले, काविळीने पिवळेधमक. ऑपरेशन छान झालं, रक्त फारसं गेलं नाही. पण स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ आणि नळी बारीक. अशा ठिकाणी टाका नीट घातला तरी धरेलच असं नसतं. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं (पोटातून बाहेर काढलेल्या नळीतलं) अमायलेज हजारांत, म्हणजे लीक: जोडातून स्वादुपिंडाचा पाचक रस गळतोय. हे मोठमोठ्या सर्जनांच्याही पेशंटना होतं. गुरुजी तर कॉरिडॉरमध्ये फिरत होते, सिस्टरांचं शुद्धलेखन तपासत होते.

आठवडा उलटल्यावर एका संध्याकाळी ड्रेनमध्ये थोडं रक्त आलं आणि आपोआप थांबलं. घरच्यांना हायसं वाटलं. माझ्या पोटात गोळा आला. गळणारा रस बांधलेल्या धमनीचं टोक कुरतडतो. हे थोडंसं रक्त म्हणजे पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची सूचना. अशा वेळी सीटी अँजिओग्राफी करून, मांडीतून तार घालून, आतून कॉइलने, म्हणजे तारेच्या बारीक वेटोळ्याने, ती धमनी बंद करायची असते. ते करणारा माणूस गावात नव्हता. संभाजीनगरला फोन लावले, अँब्युलन्स सांगितली, रक्ताच्या पिशव्यांसाठी मुलगा धावला. अँब्युलन्स दारात लागायच्या आत ड्रेन भरून वाहू लागला. पोट पुन्हा उघडलं. सुजलेल्या मांसात टाका घालावा तर तो फाडूनच बाहेर येत होता. पहाटे गेले.

केसपेपर मी किती वेळा वाचला. माझे टाके ठीक होते, हे आजही म्हणतो. पण रात्री हॉस्पिटलला जे जमायला हवं होतं, ते जमत नव्हतं.

आकडे मला आधीही पाठ होते. अमेरिकेत 2002 साली छापून आलं: स्वादुपिंडाची ऑपरेशनं क्वचितच होतात अशा हॉस्पिटलांत मृत्यू 16.3 टक्के, जिथे भरपूर होतात तिथे 3.8. 2009 मध्ये तिथल्याच, वेगवेगळ्या मोठ्या ऑपरेशनांवरच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की गुंतागुंत सगळीकडे जवळपास सारखीच होते. फरक पडतो तो ती झाल्यावर पेशंट वाचण्यात. नेदरलँड्समध्ये तर 2011 सालीच ठरलं: वर्षाला किमान 20 केसेस नसतील तर हे ऑपरेशन करायचंच नाही.

म्हणून मी हात झटकले असं समजू नका. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन इथेच करतो. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि शेवटी, तिन्ही वेळा जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षेची चेकलिस्ट मोठ्याने वाचली जाते. (ती बनवणाऱ्या गटाचे प्रमुख अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सुरुवातीला तिला सगळे हसायचे.) पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये आतड्याजवळच्या किमान 12 लसिकाग्रंथी (कॅन्सर पसरलाय का ते ज्यांत दिसतं) तपासलेल्या नसतील, तर मी फोन करून नमुना पुन्हा बघायला लावतो. त्यावरून भांडणंही झाली आहेत.

आणि हो, मी चिठ्ठी दिलेले सगळेच मुंबईला पोचत नाहीत. सरकारी आरोग्य योजनेत ऑपरेशनचा खर्च निघतो. घरी म्हैस कोण बघणार, हे योजनेत बसत नाही. एक जण वैदूकडे गेला. त्याच्या बायकोने नंतर विचारलं, "तुम्हीच केलं असतं तर?" वाचला असता, कदाचित. हे मी तिला सांगितलं नाही, इथे लिहितोय.

उद्या गावात रात्री-अपरात्री चालणारी कॅथ लॅब (धमनीत तार घालून उपचार करायची खोली) आली, कॉइल घालणारा माणूस कायमचा राहायला आला, तर पुन्हा विचार करीन. करीनच असं नाही. वर्षाला दोन-चार केसेसवर माझा हात राहील, पण रात्रपाळीच्या सिस्टरांना ते थोडंसं रक्त बघून घाबरायचं कसं कळणार?