नेट जातं की वायफाय जातं?

मीटिंग चालू असताना समोरच्याचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो आणि अर्ध्या मिनिटानं सगळं परत सुरू. तासाभरानं पुन्हा तेच. असं ये-जा करणारं नेट पूर्ण बंद पडलेल्या नेटपेक्षा जास्त छळतं, कारण तक्रार केल्यावर माणूस बघायला येतो तेव्हा ते हमखास चालू असतं. तो राउटर एकदा बंद-चालू करतो, मोबाईलवर स्पीड टेस्ट काढून दाखवतो आणि निघून जातो. स्पीड टेस्ट जेमतेम अर्ध्या मिनिटाची. दिवसातून सहा वेळा अर्धा मिनिट जाणारं नेट तिच्यात सापडायचं कसं?

तेव्हा राउटर रीसेट करायची किंवा नवीन मागवायची घाई नको. आधी एवढंच ठरवा, की जातं ते नेट की वायफाय? कॉम्प्युटर ते राउटर हा हवेतला टप्पा म्हणजे वायफाय. राउटरपासून पुढे कंपनीपर्यंत जाणारी फायबर म्हणजे नेट. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं पंख्यासारखं चिन्ह फक्त पहिल्या टप्प्याची रेंज दाखवतं. ते पूर्ण भरलेलं असतानाही फायबर तुटलेली असू शकते.

हे ओळखायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजच्या स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. येणाऱ्या यादीत ‘डीफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता पिंग, मग जागा, डॅश आणि टी, मग जागा आणि हा पत्ता असं लिहून एंटर दाबा. दर सेकंदाला एक ओळ उमटत राहील, उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते तिच्यात असतं. कमांड प्रॉम्प्टची दुसरी खिडकी उघडून तिथेही हेच, फक्त पत्ता ८.८.८.८, म्हणजे बाहेरचा गूगलचा सर्व्हर. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा आणि आपलं नेहमीचं काम चालू द्या. थांबवायचं तेव्हा कंट्रोल आणि सी.

राउटरच्या खिडकीत प्रत्येक ओळीत १ ते ५ मिलिसेकंद दिसले तर हवेतला टप्पा ठणठणीत आहे. मधूनच एखादी ओळ ३०-४० ची आली तर चिंता नको, कारण बरेच घरगुती राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम मागे ठेवतात. नेट अडकलं की लगेच दोन्हीकडे बघायचं. दोन्हीत एकदम ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या ओळी लागल्या तर दोष वायफायचा, नाहीतर राउटरच बंद पडून उठतोय (ते पुढे येतं). राउटरची खिडकी शांतपणे २-३ मिलिसेकंद दाखवतेय आणि फक्त ८.८.८.८ अडकलंय, तर दोष राउटरच्या पुढचा. दोन्ही सुरळीत असून ब्राउझरला साइट सापडत नसेल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय, बिघडलंय. विंडोजच्या नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या सेटिंगमध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे पत्ते हातानं भरले की बहुतेक वेळा सुटतं. आणि ‘जनरल फेल्युअर’ अशी ओळ आली तर कॉम्प्युटरचं वायफाय कार्डच तेवढ्यापुरतं जोडणीतून बाहेर पडलेलं असतं. तेव्हा राउटर स्वतःहून रीस्टार्ट झालेला नसेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि कार्ड तपासायचं. अडकलेली प्रत्येक वेळ कागदावर घड्याळाप्रमाणे लिहून ठेवा. दोन दिवसांच्या नोंदींतून जे कळतं ते दहा वेळा राउटर बंद-चालू करूनही कळत नाही.

फायबरच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. फायबर जोडलेल्या डब्यावरचा एलओएस हा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश आत येतच नाहीये, कंपनीला फोन करण्यावाचून इलाज नाही. दिवा ठीक असूनही नेट जात असेल तर राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ हा आकडा शोधा. घरगुती फायबरवर तो साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या आत लागतो. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. उणे २६-२७ ला टेकलेली लाइन जराशा धक्क्यानं सुटते. सोफा मागे ढकलताना फायबर काटकोनात दाबली गेली, एवढंही त्याला पुरतं. वायर सैल, मोठ्या वळणात ठेवा आणि निघालेल्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका; तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

त्याच पानावर ‘अपटाइम’, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते, बघायचा. काल रात्रीपासून हात लावलेला नसताना अपटाइम ४० मिनिटांचा असेल तर राउटर स्वतःहून बंद पडून उठतोय. त्याचं कारण बहुधा विजेचा अ‍ॅडॅप्टर. १२ व्होल्ट दीड अँपिअरच्या राउटरला कुणीतरी सेट-टॉप बॉक्सचा १ अँपिअरवाला लावलेला असतो, नाहीतर जुन्या अ‍ॅडॅप्टरमधला कपॅसिटर फुगलेला असतो. लोड वाढला की व्होल्टेज पडतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. जिथे दिवसातून चार वेळा लाईट लपकते तिथे राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवा, कारण लाईट एका सेकंदासाठी गेली तरी राउटर परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो.

आणखी एक प्रकार फायबरचा वाटतो, पण नसतो. घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की ८.८.८.८ ची वेळ १० वरून ४०० मिलिसेकंदांवर जाते, आणि बॅकअप संपला की खाली येते. अपलोडची रांग राउटरमध्ये साचते आणि तुमच्या कॉलचा आवाज त्या रांगेत सगळ्यात मागे उभा असतो. राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवण्याची सोय असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. कमाल वेग थोडा कमी दिसेल, पण कॉल तुटणार नाही.

आता हवेचा टप्पा. खरी कटकट इथेच असते.

कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस ही कमांड द्या. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत त्यासाठी लोकेशनची परवानगी चालू लागते, नाहीतर नकार येतो. यात बँड (२.४ की ५ गिगाहर्ट्झ), चॅनेल (त्या बँडमधली आपली पट्टी) आणि सिग्नलची टक्केवारी मिळते. टक्केवारीचा हिशोब सरळ आहे: १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम, ० म्हणजे उणे १००. म्हणून ८० टक्के म्हणजे उणे ६०, उत्तम. ६० टक्के म्हणजे उणे ७०, व्हिडिओ कॉलसाठी काठावर. ५० च्या खाली गेलं तर तक्रार करण्याऐवजी राउटरची जागा बदलायची. डीबीएम तीननं घसरला की ताकद निम्मी होते, म्हणून उणे ६० आणि उणे ७० मधला फरक दहापट आहे.

फ्लॅटमध्ये राउटर नेहमी चुकीच्या जागी असतो, कारण वायर दरवाजावरून आत येते आणि बसवणारा तिथेच, विजेच्या बोर्डाशेजारी खिळा ठोकतो. मग मधे लोखंडी सेफ्टी डोअर, आरसीसीचा कॉलम, बेडरूममधलं गोदरेजचं कपाट आणि त्याच्या दारावरचा आरसा. धातू लाटा परतवतो, आरशाच्या मागचा चांदीचा मुलामाही तेच करतो, आणि पाणी त्या शोषून घेतं, मग ते फिश टँकमधलं असो वा टाकीतलं. कोकण-गोव्यातल्या जुन्या घरांत जांभ्याच्या जाड भिंती असतात. दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झची अपेक्षाच ठेवू नये. राउटर घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर, मोकळ्यावर हवा. शोकेसच्या आत, टीव्हीच्या मागे नको.

डेस्कटॉपचं दुखणं वेगळंच. वायफाय कार्ड मागच्या बाजूला, त्याचे दोन अँटेना टेबलाखाली, भिंतीला चिकटलेले, आणि राउटर समोरच्या खोलीत. म्हणजे अँटेना आणि राउटर यांच्या मधे कॅबिनेटचा अख्खा पत्रा. मॉनिटरजवळ धरलेल्या मोबाईलला पूर्ण रेंज आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरला निम्मी, ती यामुळेच. वायर असलेला, टेबलावर ठेवायचा अँटेना मिळतो. जुने अँटेना हातानं उलटे फिरवून काढायचे, त्याचे स्क्रू तिथेच बसवायचे आणि बैठक मॉनिटरच्या शेजारी ठेवायची. मदरबोर्डसोबत आलेला असा अँटेना पुष्कळ घरांत खोक्यातच पडून असतो. अँटेना न लावता चालवलेलं कार्ड राउटर जवळ असेल तर जोडलं जातं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

पेनड्राईव्हसारखा यूएसबी वायफाय वापरत असाल तर त्याच्या शेजारच्या खाचेत काय आहे ते बघा. यूएसबी ३ वर चालणारी हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सोडते. इंटेलनं २०१२ मध्येच याची मोजमापं प्रसिद्ध केली होती. खूण अगदी ठळक असते: फाइल कॉपी सुरू झाली की नेट जातं, ब्लूटूथ माऊसही अडखळतो, कॉपी संपली की दोन्ही ठीक. यूएसबीची एक मीटर एक्स्टेन्शन वायर घेऊन वायफाय डिस्कपासून दूर न्या, किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

२.४ गिगाहर्ट्झ हा बँड शहरात गजबजलेला आहे. भारतात त्याचे १ ते १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाला हवी २० मेगाहर्ट्झची रुंदी. म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच धरायचे: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांनी १ आणि ६ घेतलेत म्हणून आपण शहाणपणानं ३ घ्यायचा, ही सगळ्यात वाईट निवड. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ऐकून आपली पाळी धरतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर त्यांना दुसऱ्याचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट येतो. नेटएसएच डब्ल्यूलॅन शो नेटवर्क्स, त्यापुढे मोड इक्वल्स बीएसएसआयडी, ही कमांड आजूबाजूचे सगळे राउटर चॅनेलसकट दाखवते. तिघांतला कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी २० वरच ठेवा, ४० नाही. १२ आणि १३ टाळलेलेच बरे, कारण अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपला ते अनेकदा दिसतच नाहीत. जेवणाच्या वेळीच नेट तुटत असेल तर मायक्रोवेव्ह ओव्हनकडे बघा, तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो.

५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण तिथला एक बिघाड फार फसवा आहे. रेंज उत्तम, आणि दिवसातून एक-दोनदा ५ गिगाहर्ट्झचं नावच यादीतून मिनिटभर गायब. राउटर ‘ऑटो’वर असतो आणि ५२ ते १४४ मधला चॅनेल घेतो. हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे आहेत. रडारसारखा सिग्नल ऐकू आला की राउटर ते ताबडतोब सोडतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जाताना आधी ६० सेकंद नुसता ऐकत बसतो. विमानतळ किंवा बंदर जवळ असलेल्या वस्तीत हे जास्त होतं. चॅनेल हातानं ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मध्ये बांधून टाका, प्रश्न संपतो.

दोन्ही बँडला एकच नाव देणारी ‘स्मार्ट कनेक्ट’ची सोय फिरत्या मोबाईलसाठी चांगली, जागेवर बसलेल्या कॉम्प्युटरसाठी नाही. काठावरच्या रेंजमध्ये तो दिवसभर या बँडवरून त्या बँडवर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत कॉल अडखळतो. नावं वेगळी करा आणि कॉम्प्युटरला ५ चंच नाव द्या. जुनं कार्ड वारंवार पासवर्ड मागत असेल तर राउटरच्या वायफाय सुरक्षेच्या सेटिंगमधली डब्ल्यूपीए ३ मिश्र सुरक्षा काढून नुसती डब्ल्यूपीए २ एईएस ठेवून बघा.

मग विंडोज. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची खूण असते, ती काढा. नव्या लॅपटॉपवर हा भाग दिसत नाही. तिथे पॉवर प्लॅनमध्ये वायरलेस अ‍ॅडॅप्टर सापडला तर ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’ ठेवा. विंडोज अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आधी करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट दिलं, की गेल्या तीन दिवसांत वायफाय कितीदा आणि का सुटलं याचा आलेखासह अहवाल तयार होतो. कागदावरच्या वेळा त्याच्याशी ताडून बघा. ‘नेटवर्क रीसेट’ सगळ्यात शेवटी, कारण ते साठवलेले पासवर्ड आणि व्हीपीएन पुसून टाकतं.

डेस्कटॉप जागचा हलणार नसेल तर मी सरळ केबल ओढायला सांगेन. कॅट ६ प्रकारची लॅन केबल, पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. १०० मीटरपर्यंत चालते, घरात २० मीटरही लागत नाही. २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपातून मात्र नेऊ नका. जोडल्यावर वेग १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसला तर आठपैकी एखादी तार टोकाला नीट दाबली गेलेली नाही, कनेक्टर कापून पुन्हा लावून घ्या. केबल शक्यच नसेल आणि एक्स्टेंडर घ्यावा लागला, तर तो रेंज नसलेल्या खोलीत लावायचा नाही. अर्ध्या वाटेवर, जिथे अजून ७० टक्के सिग्नल आहे तिथे लावायचा. एकच रेडिओ असलेला एक्स्टेंडर वेग निम्मा करतो, हे धरूनच घ्या.

एवढं करूनही राउटरच्या शेजारी बसलेल्या लॅपटॉपला ४०-५० टक्केच सिग्नल मिळत असेल तर आतली वायर निसटली आहे. स्क्रीनच्या कडेतून बिजागरीवाटे येणाऱ्या दोन बारीक वायरी कार्डावर मण्याएवढ्या गोल टोप्यांनी बसतात. लॅपटॉप उघडून धूळ काढली की त्यातली एक हमखास सुटते. टोपी बरोबर वर धरून सरळ खाली दाबायची, ‘टक’ असं बोटाला जाणवतं. तिरकी दाबली तर कार्डावरचा खुंट वाकतो. कार्डच बदलायचं झालं तर एएक्स २०१ नावाचं फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये चालतं. एएक्स २१० ला ती अट नाही, म्हणून एएमडीच्या लॅपटॉपसाठी तेच मागा.